अक्षराचे नाव आधी की आवाज?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातली मुले मराठी मुळाक्षरे पक्की होण्याआधीच रोमन अक्षरे गिरवू लागतात. त्यांची खरी अडचण अक्षरांच्या वळणात नाही. देवनागरीत अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार असतो. ‘क’ला ‘क’ म्हणायचे आणि वाचायचेही ‘क’च. म्हणून ए, बी, सी, डी घडाघडा म्हणणारे मूल ‘बॅट’ हा शब्द समोर आला की ‘बी-ए-टी’ म्हणून थांबते. ‘एच’ या नावात ‘ह’ ऐकू येत नाही, ‘डब्ल्यू’मध्ये ‘व’चा पत्ता नसतो, मग त्याने तो आवाज शोधावा तरी कोठे?

यासाठी मी आवाज आधी शिकवते आणि नावे मागाहून. एस, ए, टी, आय, पी, एन एवढ्या सहा अक्षरांच्या आवाजांतून ‘पिन’, ‘टॅप’ आणि घरावरचे ‘टिन’ जुळते. पालकांना ‘झेड’पर्यंत म्हणून दाखवणारे मूल हुशार वाटते, मला मात्र ‘टिन’ स्वतः जुळवणारे मूल अधिक पुढे गेलेले दिसते.

‘सी’चा उच्चार ‘कॅट’मध्ये ‘क’ आणि ‘सिटी’मध्ये ‘स’ का, असे मुले विचारतातच. तेव्हा मी त्यांना ‘चहा’ आणि ‘चमचा’ पाठोपाठ म्हणायला लावते, म्हणजे आपल्याही एका अक्षराला दोन उच्चार असल्याचे त्यांच्या कानांना कळते. प्राचीन लॅटिनमध्ये ‘सी’चा उच्चार ‘क’ असाच होता. ई, आय आणि वाय यांच्या आधी ‘स’ म्हणण्याची रीत इंग्रजीत फ्रेंचच्या प्रभावाने आली.

सर्वांत जास्त वेळ ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ घेतात. आमच्या वऱ्हाडीत विहिरीला ‘इहीर’ म्हणतात, तेव्हा ‘विंडो’चे ‘इंडो’ होणे स्वाभाविकच आहे, आणि घरच्या बोलीवरून मी मुलांना कधीही टोकत नाही. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, ‘डब्ल्यू’साठी ओठांचा चंबू करायचा, हे मुले जोडीने समोरासमोर बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत करतात.

कापूस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचे ‘एमएच २९’ मात्र नावांनीच वाचावे लागते, म्हणून दिवाळीनंतर ती नावेही मी क्रमाने पाठ करून घेते. तोवर आवाज पक्के झालेले असल्याने दोहोंत गल्लत होत नाही.