जमिनीखालचा हॉल

मोठ्या प्रदर्शनाच्या हॉलची जमीन पोकळ असते, हे तिथे दिवसभर हिंडून गेलेल्या माणसालाही सहसा कळत नाही. कार्पेटखाली ठरावीक अंतरावर लोखंडी झाकणं असतात. झाकणाखाली पिट आणि पिटांना जोडणारे ट्रेंच. प्रत्येक पिटमध्ये थ्री फेजचं ६३ अँपिअरचं लाल सॉकेट, नेटवर्कचा पॉइंट, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची वाट. स्टॉल वरून कितीही झगमगता असला तरी त्याचा जीव या खड्ड्यात असतो. कन्व्हेन्शन सेंटरच्या तांत्रिक विभागात वीजपुरवठा बघणाऱ्या माझ्यासारखीला हॉल आठवतो तो पिटच्या नंबरांनी. कोणत्या कंपनीचा स्टॉल कुठे होता हे आठवड्यात विसरायला होतं. ३८ नंबरच्या पिटचं झाकण एका कोपऱ्यात डुगडुगतं, हे विसरायला होत नाही.

त्या वेळी पॅकेजिंग यंत्रांचं प्रदर्शन होतं. यंत्रांची प्रदर्शनं आमच्यासाठी कटकटीची. दागिने किंवा पुस्तकं असली की दिव्यांचा लोड तेवढा बघायचा. यंत्रं आली की कॉम्प्रेसर आले, हीटर आले, सुरू होताना दणकून करंट ओढणाऱ्या मोटारी आल्या. शिवाय मांडणीचा क्रम चुकवून चालत नाही. दारापासून सर्वांत लांबचं आणि सर्वांत जड यंत्र आधी आत जातं, कारण मधे एकदा स्टॉल उभे राहिले की फोर्कलिफ्टला वाट उरत नाही. मग सुतार, मग रंगारी, मग वायरमन, आणि सगळ्यात शेवटी गॅंगवेचं, म्हणजे स्टॉलच्या रांगांमधल्या वाटेचं, कार्पेट. कार्पेटवर पातळ प्लास्टिक अंथरलेलं असतं. ते उद्घाटनाच्या तासभर आधी ओढून काढतात, म्हणून पाहुण्यांना कार्पेट कोरं करकरीत दिसतं.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री साडेअकराच्या सुमाराला हॉल होता तसा, म्हणजे भयंकर. मालाची मोठी दारं सताड उघडी असल्याने एसी बंद. हवेत भुसा आणि रंगाचा वास. दर दोन मिनिटांनी कोणीतरी कुणाला तरी शिडी मागतंय. मी पूर्व बाजूच्या स्टॉलचे डीबी, म्हणजे वीज वाटून देणारे बोर्ड, तपासत होते. पलीकडे एका फॅब्रिकेटरची, म्हणजे स्टॉल बांधून देणाऱ्याची, माणसं सीझर लिफ्टवर चढून छतापासून बॅनर लटकवत होती. बॅनर दोन हात वर हवा, असं खालून कुणीतरी ओरडलं, आणि वरच्याने लिफ्ट वर घेतली.

लिफ्टचा कठडा स्प्रिंकलरच्या हेडला लागला.

आवाज अगदी क्षुल्लक होता, काचेची बांगडी फुटावी तसा. हेडमध्ये, म्हणजे छतातल्या आग विझवायच्या पाइपाच्या तोंडात, लाल द्रवाने भरलेली बोटाच्या पेरापेक्षाही छोटी काचेची कुपी असते. ६८ अंश सेल्सिअसला ती फुटते आणि तिने अडवून धरलेलं पाणी मोकळं होतं. कुपी आगीने फुटली की कठड्याने, पाण्याला त्याचं काय! सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर मात्र एकदम सुरू होत नाहीत. ज्याची कुपी फुटली तोच वाहतो. पण तो एकच पुरतो. साध्या हेडमधून एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी येतं, आणि दाब चौपट झाला की पाणी दुप्पट होतं. वरून खाली येईपर्यंत ते चांगलं आठ-दहा पावलांच्या घेरात पसरतं.

आणि ते पाणी स्वच्छ नसतं. वर्षानुवर्षं लोखंडी पाइपात कोंडलेलं, काळं, तेलकट, कुबट वासाचं पाणी. पांढऱ्या स्टॉलवर ते पडताना बघणं हे त्या डिझायनरला फार जड गेलं असणार. तो नुसता हात वर करून उभा होता.

पाणी वाहू लागल्याबरोबर पाइपातल्या फ्लो स्विचने अलार्म दिला. दाब उतरला तशी पंपरूममध्ये आधी छोटी जॉकी मोटर आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला. पाणी कमी पडू नये म्हणूनच ती यंत्रणा बांधलेली असते, त्यामुळे ती आपलं काम चोख करत होती. हॉलचा झोन व्हॉल्व्ह बंद करणं एवढाच उपाय. त्या रात्री फायरच्या ड्यूटीवर आमचे काका होते. निवृत्तीला आलेले, बोलायला कमी. वॉकीटॉकीवर पाच जण एकदम बोलत होते, त्यात त्यांचा आवाज नव्हताच. ते तोवर व्हॉल्व्हपाशी पोचून चाक फिरवत होते. हे चाक नळासारखं दोन वेढ्यांत बंद होत नाही. फिरवतच राहावं लागतं. व्हॉल्व्ह मिटल्यावर त्यांनी ड्रेन उघडला, कारण वरच्या पाइपात उरलेलं पाणी त्याच फुटक्या हेडमधून गळत राहतं. हॉलमधला धबधबा थांबेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली असतील. म्हणजे हिशेबाने सहा-सातशे लिटर तरी जमिनीवर.

मी त्या वेळात स्विचरूममध्ये होते. पूर्व बाजूला वीज नेणारे फीडर एकेक करून बंद केले, हँडलना कुलपं घातली, माझ्या नावाचे टॅग लावले. अर्धा हॉल अंधारात गेल्यावर जी ओरड झाली, ती पाणी पडल्यावरही झाली नव्हती. लोकांना पाण्याची भीती वाटत नाही, पाण्यातल्या विजेची तर त्याहून वाटत नाही. एक वायरमन चपला घालून डबक्यात उभा राहून मला विचारत होता, "मॅडम, लाईट का घालवली?"

पुसायचं काम जोरात सुरू झालं. वायपर, मोठे ओढायचे व्हॅक्युम, मिळेल ते कापड. अर्ध्या तासात वरून बघणाऱ्याला हॉल बरा दिसायला लागला. कार्पेट तर जवळपास वाचलं होतं, कारण वर प्लास्टिक होतं. आयोजकांचा माणूस खूश झाला. मला मात्र त्या प्लास्टिकचीच धास्ती होती. कार्पेट पाणी प्यायलं असतं तर पाणी तिथेच मुरलं असतं. प्लास्टिकवरून ते घसरत घसरत कडेला गेलं, आणि कडेला काय आहे? स्टॉलची हद्द, आणि बहुतेक ठिकाणी पिट.

पिटचा नकाशा जमिनीवर पसरून आम्ही उताराचा अंदाज घेतला. हॉल सपाट दिसतो. अगदी सपाट नसतो. नऊ पिट संशयित निघाले, त्यांच्यावर बारा स्टॉल. झाकणं उघडत गेलो. काही कोरडे ठणठणीत. काहींत घोट्याएवढं काळं पाणी साचलेलं, कारण ड्रेनच्या तोंडाशी सुतारांचा भुसा जाऊन बसला होता. पिटमधली सॉकेट आमच्याकडे आयपी ६७ दर्जाची आहेत, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी चालावीत. पण हा दर्जा प्लग घालून वरची कडी शेवटपर्यंत पिळली तरच लागू. घाईत नुसता प्लग खुपसून निघून गेलेल्या वायरमनसाठी तो छापील आकडा आहे, बाकी काही नाही. बुडालेल्या चार सॉकेटपैकी दोनांच्या कड्या सैल होत्या.

नववा पिट सापडेना. नकाशावर होता, जागेवर चकचकीत लाकडी फ्लोअरिंग. यंत्रांच्या स्टॉलला वायरी लपवायला चार इंच उंच प्लॅटफॉर्म करतात. पिटवर उघडता येईल अशी खिडकी ठेवायची, हे नियमावलीत ठळक अक्षरात आहे. या फॅब्रिकेटरने केबल बाहेर काढून वर अखंड प्लाय ठोकला होता आणि त्यावर लॅमिनेट चिकटवलं होतं.

"कापावं लागेल," मी म्हणाले.

"मॅडम, सकाळी दहाला मंत्री येणारेत. हे फ्लोअरिंग बघायला क्लायंट परदेशातून आलाय."

"दोन बाय दोनचा चौकोन. कडा सरळ कापा, वर पट्टी मारता येईल."

"खाली कोरडंच असेल हो."

"असेल तर पाच मिनिटांत परत बसवू."

तो क्लायंटला फोन लावायला गेला. त्याच्या सुताराने माझ्याकडे बघितलं, करवत उचलली आणि मालक परत यायच्या आत चौकोन कापून मोकळा झाला. सुतारांना खाली काय असतं ते माहीत असतं. प्लायची फळी उचलल्यावर आत टॉर्च मारला. पिट काठोकाठ भरलेला. केबलचा एक जोड पिटमध्येच होता, नुसत्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला, आणि पाण्याखाली. फीडर चालू असता तर काय झालं असतं याचा विचार मी त्या वेळी केला नाही. पाणी उपसायचं होतं.

उपसून झाल्यावर खरी वेळखाऊ गोष्ट. केबल वरून कोरडी दिसते ती पुसल्यामुळे. आत ओल किती आहे ते मेगरलाच, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरलाच, विचारावं लागतं. ५०० व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशनचा रेझिस्टन्स बघायचा. किमान एक मेगाओहम हवा. त्याआधी स्टॉलच्या बाजूचा प्रत्येक प्लग काढायचा, नाहीतर तेच ५०० व्होल्ट यंत्राच्या कंट्रोल पॅनेलमध्ये घुसतात आणि पाण्याने जे वाचलं ते आपण घालवतो. पहिल्या फेरीत नऊपैकी पाच सर्किट पास झाली. उरलेल्या चारांत सर्वांत वाईट आकडा होता ०.०८. ब्लोअर लावले, सॉकेटची तोंडं उघडी करून सुकत ठेवली, टेपवाला जोड कापून टाकला. तासाने परत मेगर. ०.३. परत ब्लोअर.

पहाटे चारला आयोजकांचा माणूस चौथ्यांदा आला. बिचाऱ्याचे डोळे लाल झाले होते. "सगळं सुकलंय की मॅडम. लावा ना आता."

"वरचं सुकलंय."

"एकदा लावून तर बघू. गेली तर गेली, ट्रिप होईल ना?"

"एकदा लावून बघू" हे वाक्य मला या धंद्यात सर्वांत जास्त ऐकू येतं आणि सर्वांत कमी आवडतं. त्यात त्या वेळी हॉलचे स्प्रिंकलर बंद होते. काकांनी हेड बदलायला घेतलं होतं. त्याच तापमानाचं, त्याच जातीचं हेड आणि त्याचा खास पाना व्हॉल्व्हजवळच्या पेटीत ठेवलेला असतो. पण नवीन हेड बसवून, पाइपात हळूहळू पाणी भरून, हवा काढून, पंप परत ऑटोवर टाकेपर्यंत तास-दीड तास जाणार होता. तोवर त्यांनी वेल्डिंग-कटिंग पूर्ण बंद करवलं होतं आणि प्रत्येक गॅंगवेला आग विझवायचा सिलिंडर घेऊन एक माणूस फिरत ठेवला होता. अशा वेळी तात्पुरत्या ओल्या वायरिंगमध्ये वीज सोडायची?

मी त्याला शिकागोची गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांनाच सांगते, त्यामुळे आमच्या विभागात ती ऐकून लोक कंटाळलेत. तिथलं मॅककॉर्मिक प्लेस १९६० मध्ये उघडलं, तेव्हाच्या मोठ्यातल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रांपैकी एक. काँक्रीट आणि पोलादाची इमारत, जळणार काय, अशी समजूत. जानेवारी १९६७ मध्ये घरगुती वस्तूंचं प्रदर्शन मांडून तयार होतं. १६ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमाराला एका स्टॉलच्या मागे आग लागली. संशय गेला तो स्टॉलच्या तात्पुरत्या वायरिंगवर. प्रदर्शनाच्या मुख्य हॉलमध्ये स्प्रिंकलर नव्हते, बाहेरचे काही हायड्रंट बंद होते. छत कोसळलं, एक सुरक्षारक्षक गेला. इमारत परत उभी राहून उघडायला १९७१ साल उजाडलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं, पण दहापर्यंत होईल ना?"

त्याचं बरोबरच होतं. गोष्टीने स्टॉलमध्ये दिवे लागत नाहीत. म्हणून दुसरा मार्ग काढला. बारा स्टॉलपैकी जे ओल्या पिटवर होते, त्यांना पलीकडच्या गॅंगवेतल्या कोरड्या पिटवरून वीज द्यायची. ६३ अँपिअर थ्री फेज म्हणजे ४०० व्होल्टला जेमतेम ४३ केव्हीए. शेजाऱ्यांचा लोड वजा करून उरेल तेवढंच वाटायचं. दिवे आणि कंट्रोल पॅनेल सगळ्यांना, हीटर आणि कॉम्प्रेसर कोणालाच नाही. केबलवर रबरी रॅम्प टाकले. पाहुण्यांना अडखळायला होईल म्हणून कुरकुर झाली, पण अडखळणं परवडतं.

साडेपाचला काकांचा वॉकीटॉकीवर रात्रीतला पहिला आवाज आला: "हॉल चार्ज केला. प्रेशर ओके." म्हणजे स्प्रिंकलरच्या पाइपात पाणी परत भरलं. साडेआठला प्लास्टिक ओढलं. दारं मिटली, एसी लावला. एसी निदान दोन तास आधी लावायला हवा, कारण एक माणूस नुसता उभा राहिला तरी शंभर वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. तीन हजार माणसं आली की तीनशे किलोवॅट झाले, म्हणजे ८५ टनांचा एसी केवळ माणसांसाठी. तसा तो लावता आला नाही आणि उद्घाटनाचं भाषण लोकांनी माहितीपत्रकाने वारा घेत ऐकलं. त्याबद्दल एक तक्रार लेखी आली. पाण्याबद्दल एकही पाहुणा काही बोलला नाही, कोणाला पत्ताच नव्हता.

मेगरवर शेवटचं सर्किट एक मेगाओहमच्या वर गेलं ते अकरा वाजून गेल्यावर. एकेक करून सगळे आपापल्या पिटवर परत आणले. कापलेल्या फ्लोअरिंगवर सुताराने अॅल्युमिनियमची पट्टी इतकी सफाईने बसवली होती की तो चौकोन मुद्दाम केल्यासारखा वाटत होता.

दुपारी मी घरी जायला निघाले तेव्हा त्याच स्टॉलचा मालक तणतणत काउंटरवर आला. वीज सारखी ट्रिप होतेय, रात्री तुम्ही केबल बिघडवली, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याबरोबर परत गेले, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. फॉर्मवर त्याने १० किलोवॅट मागितले होते. एका मागे एक चालू केलेली त्याची तीन यंत्रं मिळून अठराच्या पुढे ओढत होती. मी फॉर्म पुढे केला, त्याची सही दाखवली आणि जादा लोडचा अर्ज हातात दिला.

"हा भरायला वेळ लागेल हो," तो म्हणाला, "तोवर एकदा लावून बघू ना?"