नट नारिंगी केला होता

गोणपाटात गुंडाळलेले चार बोल्ट आमच्या धातू तपासणाऱ्या लॅबमध्ये आले, तेव्हा चिपळुणात पाऊस कोसळत होता. सोबतच्या पत्रात कारखान्याच्या साहेबांनी निकाल लिहूनच पाठवला होता: पुरवठादाराने मऊ माल दिला. आधी निकाल आणि मग नमुना, याचा मला मनापासून राग येतो.

इन्कोनेल 718 या निकेलच्या मिश्रधातूचे बोल्ट, साडेचारशे अंशांच्या फ्लँजवरचे, म्हणजे पाइपांच्या जोडावरचे. ताणून लांबलेले, पण तडा कुठेच नाही. एक उभा चिरला, तुकडे बेकलाइटमध्ये बसवले, 1 मायक्रॉनच्या डायमंड पेस्टवर आरशासारखे केले. मग डोक्यापासून नटाकडे दर 5 मिलिमीटरवर हार्डनेस, म्हणजे कडकपणा, घेतला. अर्धा दिवस गेला, पण चार ठिकाणी घेऊन सरासरी काढली असती तर केस हुकलीच असती. डोक्याकडे 42 रॉकवेल सी (कडकपणाची मोजपट्टी; आकडा जास्त तितकं कडक). मध्यापुढे आकडे घसरत नटाखाली 20 च्या आसपास. मालच मऊ असता तर डोकंही मऊ लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्याचे जुने फिटरकाका आले. "मॅडम, मागच्या शटडाऊनला नट जाम होते. गॅसने नारिंगी केले तेव्हा सुटले. पण चीर नाय, काय नाय, मग बिघडलं काय?"

मी तापवून मऊ केलेली तांब्याची तार त्यांच्या हातात दिली. पहिला वाक सहज आला. तिथेच सरळ करायला गेले, तर तार ऐकेना. अणूंच्या रांगांमध्ये चुकलेल्या रेषा असतात, डिस्लोकेशन. त्या सरकतात म्हणून धातू वाकतो. वाकताना त्या वाढतात, एकमेकींत गुंततात आणि अडतात.

"तांबट मठारतो तसं," काका म्हणाले. "भट्टीत घातलं की परत मऊ." अगदी तेच.

718 मध्ये त्या रेषा तापातही अडाव्यात म्हणून निकेल-निओबियमचे कण मुद्दाम उगवतात: 720 अंशांवर 8 तास, मग 620 वर, मिळून सुमारे 18 तास. कण इतके बारीक की आमच्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाहीत. भोवतालच्या रांगा ते ताणून धरतात, म्हणून सरकती रेषा त्यांच्यापाशी अडते. गॅसच्या आचेत ते विरघळले.

रिपोर्टच्या छापील तक्त्यात 'दोष: आहे / नाही' एवढाच रकाना. मी 'नाही' लिहून खाली पानभर कारण दिलं. तरी तो शब्द खुपतोय. काकांचं नाव मात्र घातलं नाही. सहा तासांत कसंही सोडवा म्हणणारा दुसराच होता.

"उरलेल्यांचं काय?" काकांनीच विचारलं. पोर्टेबल टेस्टर घेऊन आम्ही दोघं साइटवर गेलो. आणखी दोन मऊ निघाले. काकांनी त्यांवर खडूने फुल्या मारल्या.