श्रीलंकेच्या राजधान्या: आठ रात्री, चार शहरं आणि बरीच तळी

आमच्या हातात पहिल्यांदा जो आराखडा आला, तो पाच दिवसांचा होता. सगळे मुक्काम कँडीत. तिथून रोज पहाटे निघायचं, एका दिवसात अनुराधपूर, दुसऱ्या दिवसात सिगिरिया आणि पोलोन्नरुवा उरकायचं आणि रात्री परत कँडी. सोबत सासूबाई येणार होत्या. वय बहात्तर, गुडघे दुखरे, पण उत्साह आमच्या दोघांपेक्षा जास्त. कँडी ते अनुराधपूर एका बाजूचाच प्रवास साडेतीन-चार तासांचा. म्हणजे दिवसाचे आठ तास गाडीत, आणि ज्या गावासाठी जायचं त्या गावात भर दुपारच्या उन्हात चार तास. तो कागद आम्ही बाजूला ठेवला आणि ठाण्याच्या पोखरण रोडवरच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून नवा आराखडा आखला. तोच इथे सांगते आहे, कारण तो जमला.

आमचं सूत्र एकच होतं. राजधान्या ज्या क्रमाने वसल्या, त्याच क्रमाने बघायच्या. आधी अनुराधपूर, मग सिगिरिया, मग पोलोन्नरुवा, शेवटी कँडी. बहुतेक जण उलट्या बाजूने, कँडीकडून वर जातात आणि मग अनुराधपूरला पोहोचेपर्यंत स्तूप बघून डोळे थकलेले असतात. इतिहासाच्या क्रमाने गेलात तर प्रत्येक गाव आधीच्या गावाचं बोट धरून समजतं. मुक्काम असे ठेवा: विमानतळाजवळ निगोंबोला एक रात्र, अनुराधपूरला दोन, सिगिरियाला दोन, पोलोन्नरुवाला एक, कँडीला दोन. विमानतळ कोलंबो शहरात नाही, निगोंबोच्या बाजूला आहे. त्यामुळे कोलंबोत शिरायची गरजच पडत नाही.

मुंबईहून विमानाला अडीच तासांच्या आसपास लागतात. घड्याळ बदलावं लागत नाही, वेळ आपलीच. प्रवेश परवान्याचे नियम मधल्या काळात अनेकदा बदलले आहेत, तेव्हा जाण्याआधी तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच बघा. तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात. इथून डॉलर न्या आणि तिकडच्या विमानतळावर तिथले रुपये घ्या. पासपोर्ट हॉटेलात ठेवून फिरू नका. मोठ्या पुरातत्त्व स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते आणि ती पासपोर्ट दाखवूनच मिळते. खिडकीवर पैसे देण्याआधी विचारा. आम्हा तिघांचे त्यात बरेच पैसे वाचले.

सगळ्या दिवसांसाठी एकच गाडी आणि एकच चालक घेतला. सिंहली भाषेत धाकट्या भावाला 'मल्ली' म्हणतात, हे कळल्यापासून सासूबाईंनी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. तो त्यांना 'अम्मा' म्हणायचा.

अनुराधपूर ही सुमारे तेराशे वर्षांची राजधानी. एवढ्या मोठ्या काळाला दोन पूर्ण दिवस कमीच पडतात, पण त्याहून कमी तर देऊच नका. आम्ही पोहोचलो तो पोयाचा, म्हणजे पौर्णिमेचा दिवस निघाला. आमच्या कॅलेंडरवर तो ठळक नव्हता, तिथे मात्र दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, दारूची दुकानं बंद असतात आणि सगळा देश पांढऱ्या कपड्यांत देवळाकडे निघतो. श्री महाबोधीच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. बोधगयेच्या वृक्षाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इथे आणली. तोच हा पिंपळ. सोन्याच्या मुलाम्याच्या कठड्यामागे, टेकूंवर विसावलेल्या फांद्या. आमच्या पुढे एक कुटुंब होतं. आजोबांच्या हातात कमळांचं ताट. त्यांनी ते मुलाच्या हाताला लावलं, मुलाने बायकोच्या, तिने लेकीच्या, आणि मग त्या मुलीने मागे वळून काही न बोलता ते सासूबाईंसमोर धरलं. त्यांनीही हात लावला. मगच ती फुलं वेदीवर गेली. तिथली रीतच अशी आहे, फूल वाहण्याआधी सगळ्यांचा हात लागला पाहिजे. आम्ही दोन तास उभे होतो आणि सासूबाई एकदाही 'बसू या' म्हणाल्या नाहीत. तरीही सांगते, सोबत वयस्कर माणूस असेल तर पौर्णिमेची तारीख आधी बघा आणि त्या दिवशी अगदी सकाळी सहाला जा.

स्तूपांच्या आवारात चपला, टोपी बाहेर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रुवनवेलिसाया या मोठ्या स्तूपाभोवतीची फरसबंदी अकरा वाजताच तापते. सुती मोज्यांचे दोन-तीन जोड पिशवीत ठेवाच. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात आणि पहारेकरी लगेच हटकतात. जेतवनाराम मात्र शांत असतो. महासेन राजाच्या काळातला हा विटांचा स्तूप मुळात सुमारे 122 मीटर उंच होता, म्हणजे त्या काळी इजिप्तचे दोन मोठे पिरॅमिडच काय ते त्याहून उंच. अभयगिरी विहाराला गेलात तर फाहियानची आठवण काढा. पाचव्या शतकात हा चिनी भिक्षू इथे दोन वर्षं राहिला. एका व्यापाऱ्याने मूर्तीपुढे वाहिलेला चिनी रेशमी पंखा दिसला आणि घर सोडून इतकी वर्षं झालेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो कुट्टम पोकुणपाशी. भिक्षूंसाठी बांधलेली ही दोन जुळी कुंडं, एक सुमारे चाळीस मीटर लांब, दुसरं अठ्ठावीस. पाणी आधी छोट्या दगडी हौदांत येतं, तिथे गाळ बसतो आणि मग ते मकरमुखातून कुंडात उतरतं. 'पोकुण' म्हणजे पुष्करिणी. आपलं 'पोखरण' त्याच शब्दाचं. वीस वर्षं मी पोखरण रोडचा पत्ता लिहिते आहे, आणि तो शब्द समुद्रापलीकडे, पाण्यासकट असा समोर आला. तिथे तलावाला 'वेव' म्हणतात, तो शब्द संस्कृतच्या 'वापी'वरून आला, आपल्या बावीचा सख्खा भाऊ. आपलं नातं त्याहून जुनंही आहे. महावंस या तिथल्या जुन्या बखरीत सांगितलं आहे की पहिला राजा विजय लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारकला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला उतरला होता.

दोन्ही संध्याकाळी आम्ही तिस्स वेवच्या बांधावर बसलो. ठाण्यात तलावपाळीवर बसतो तसंच, फक्त समोर इमारतींऐवजी झाडांच्या वर स्तूपांचे शेंडे. ही तळी सोडून नुसते अवशेष बघितलेत तर एवढ्या कोरड्या प्रदेशात एवढं मोठं शहर पोसलं कसं, हे कळतच नाही. अनुराधपूरजवळच्या मिहिंतले या टेकडीवरच्या बौद्ध स्थळासाठी अर्धा दिवस ठेवा. पायऱ्या 1840 आहेत, पण वरच्या वाहनतळापर्यंत गाडी जाते, त्यामुळे बहुतेक चढ वाचतो.

सिगिरियाला सरळ रस्त्याने जाऊ नका, कला वेवकडून जा. हा प्रचंड तलाव धातुसेन राजाने पाचव्या शतकात बांधला. इथून निघालेला 87 किलोमीटरचा कालवा थेट अनुराधपूरच्या तिस्स वेवला मिळतो, आणि काही भागात त्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. धातुसेनाचा मुलगा काश्यप याने सत्ता बळकावली आणि बापाला विचारलं, खजिना कुठे लपवलास? धातुसेन त्याच्या माणसांना या तलावावर घेऊन आला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझं धन एवढंच. काश्यपाने त्याला मारलं आणि मग भावाच्या भीतीने सिगिरियाच्या कातळावर जाऊन राहिला. बांधावर उभं राहून मल्लीने ही गोष्ट सांगितली. जवळच अवुकनाची एका कातळातून कोरलेली, सुमारे बारा मीटरची उभी बुद्धमूर्ती आहे, तीही याच वाटेवर बघून होते.

सिगिरियाला दार उघडताना हजर राहा. पायऱ्या सुमारे बाराशे. साडेनऊनंतर लोखंडी जिन्यांवर रांग अडते आणि वर सावली नाही. सासूबाई वर आल्या नाहीत. त्यांनी खालच्या जलोद्यानात तीन तास काढले, आणि त्यांचं ऐकलं तर खरं सिगिरिया खालीच आहे. दगडात खोदलेली कारंजी, जमिनीखालचे नळ. पंधराशे वर्षांनंतरही पावसाळ्यात त्यातली काही उडतात. वर भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे, फोन पिशवीतच ठेवा. आरसा-भिंतीवर जुन्या काळच्या प्रवाशांनी खरवडलेल्या कविता आहेत. त्यातल्या 685 वाचून प्रसिद्ध झाल्या आहेत. गांधीलमाशांची पोळी कातळावर आहेत. 'शांतता पाळा' ही पाटी त्यासाठीच आहे, कृपया मनावर घ्या.

हबरण ते पोलोन्नरुवा रस्त्यावर संध्याकाळनंतर रानटी हत्ती येतात. हा टप्पा दिवसाउजेडीच पार करा.

पोलोन्नरुवाला आधी संग्रहालय बघा. तिथे मूळ इमारती कशा दिसत असतील याच्या प्रतिकृती आहेत, त्या डोक्यात ठेवून मग अवशेषांत शिरा. आवार सपाट आणि झाडीचं आहे, भाड्याची सायकल सगळ्यात बरी. गल विहारातली सुमारे चौदा मीटरची निजलेली मूर्ती सगळे बघतात. तिच्या उशीवर डोक्याच्या भाराने पडलेला खळगासुद्धा दगडात कोरला आहे, तो चुकवू नका. वटदागे या गोल देवळाच्या पायथ्याशी अर्धचंद्राकृती कोरीव दगड आहे. अनुराधपूरच्या अशाच दगडांवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल चालताना दिसतात. इथे बैल नाही. मधल्या काळात चोळ येऊन गेले होते आणि नंदीवर पाय पडू नये म्हणून तो काढला, असं सांगतात. राजराज चोळाच्या सैन्याने 993 मध्ये अनुराधपूर जिंकलं, आणि म्हणूनच राजधानी इकडे आली. त्यांचं दुसऱ्या क्रमांकाचं शिवदेवालय अजून धड उभं आहे. आत पिंडीवर ताजी फुलं होती. सासूबाई उंबऱ्याशी बसल्या आणि त्यांनी तिथेच शिवमहिम्न म्हटलं. अंबरनाथचं शिलाहारांचं देऊळ 1060 चं, हे त्याच शतकातलं. ठाणं म्हणजे त्याच शिलाहारांचं श्रीस्थानक. एका जुन्या राजधानीतून आपण दुसरीत आलो आहोत, हे मला त्या उंबऱ्यावर पहिल्यांदा जाणवलं.

संध्याकाळ पराक्रम समुद्र नावाच्या प्रचंड तलावाच्या बांधावर घालवा, पोलोन्नरुवाची एक रात्र त्यासाठीच आहे. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू देऊ नये, असा तो बांधणाऱ्या पराक्रमबाहू राजाचा हुकूम होता. त्याचं राज्य 1153 ते 1186. आजही खालची भातशेती याच पाण्यावर उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारी होता आणि पाटात पाणी खळखळत होतं. या सगळ्या भागात पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी पडतो, त्यामुळे त्यानंतर लगेच गेलात तर तळी भरलेली मिळतात.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण सावध राहावं लागतं. भाताबरोबर परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, भोपळा, बीट, सगळं येतं. खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोळ संबोलात, बहुतेक वेळा सुक्या माशाची पूड असते. तिला 'उंबलकड' म्हणतात. 'माळु एपा, उंबलकड एपा', म्हणजे मासे नकोत, उंबलकड नको, एवढं पाठ करा. सकाळी इंडिआप्पा, म्हणजे आपल्या शेवया, आणि नारळाच्या दुधात शिजवून वड्या पाडलेला भात, म्हणजे किरिबत मिळतो. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी रोज खाल्ली.

कँडीला गर्दी आणि वाहनं फार. बुद्धाचा दात जपून ठेवलेलं दंतमंदिर सकाळी साडेपाचच्या पूजेला गाठा. साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला पर्यटकांचे जथे असतात. पहाटे ढोल वाजतात, वरच्या मजल्यावर दार उघडतं आणि रांग सुवर्णकरंडकासमोरून पुढे सरकते. दात दिसत नाही, करंडकच दिसतो. बाहेरचा तलाव शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याने बांधून घेतला. 1815 मध्ये इंग्रजांनी कँडी घेतली आणि त्याला वेल्लोरला धाडलं. तिथेच तो 1832 मध्ये वारला. शेवटच्या दिवशी सासूबाईंनी त्या तलावाच्या कठड्यावर बसून पाव तोडून माशांना घातला. मल्ली शेजारी उभा होता, आणि निघायची वेळ झाली तरी त्याने त्यांना उठवलं नाही.

कँडी ते विमानतळ अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाट आणि गावं धरून चार तास हाताशी ठेवा.