रोल 14: मेणवलीच्या आभाळातल्या रेघा गेल्या!

काल रात्री एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मचा रोल वाळत घातला, सकाळी स्कॅन केला, आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरचं आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं करडं! तीन महिने याच आभाळानं छळलं होतं.

मागच्या स्कॅनमध्ये काय दिसायचं? फिल्मच्या छिद्रांपासून निघालेल्या, छिद्रांच्याच अंतरावरच्या गडद रेघा. लाइटबॉक्सवर भिंग लावून पाहिलं तर काही नाही, कॉन्ट्रास्ट चढवला की हजर. आधी स्कॅन करताना फिल्म धरणाऱ्या होल्डरवर संशय घेतला. फिल्म उलट्या बाजूनं घालून पुन्हा स्कॅन केली, तर रेघाही फिल्मबरोबर फिरल्या. म्हणजे गडबड डेव्हलपिंगच्या टाकीतच.

रोडिनाल हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) 1+100, म्हणजे एका भागाला 100 भाग पाणी, तासभर न हलवता, ही माझी लाडकी रीत. पण निगेटिव्हच्या दाट (काळ्या) भागातून सुटलेलं ब्रोमाइड स्थिर द्रावणात खाली ओघळतं आणि वाटेतलं डेव्हलपिंग मंदावतं. रिळावर फिल्म कडेवर उभी असते, म्हणून रेघा एका कडेकडून दुसरीकडे. उजळ असत्या तर जोरात हलवल्याचा दोष म्हटलं असतं. त्यात पुण्याचा एप्रिल: 20 अंशांवर ओतलेला डेव्हलपर तासाभरात 27 वर.

म्हणून या वेळी डी-76 हा दुसरा डेव्हलपर, 1+1. याला 20 अंशांना 11 मिनिटं लागतात. पण आमच्या नळाला ते तापमान कुठून आणायचं? सरळ 24 धरले. तिथे साडेसात मिनिटं होतात, मी साडेसहाच दिली. आभाळ फार दाट झालं की डीएसएलआरनं स्कॅन करताना तिथेच नॉइज येतो. स्कॅनसाठी निगेटिव्ह जरा पातळच बरी. दर मिनिटाला 10 सेकंद टाकी सावकाश उलटीसुलटी, बाकी वेळ पाण्याच्या घमेल्यात. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही 24 वरच. शेवटचं पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके त्यानंच थांबले.

 

पुढचे सगळे रोल डी-76 मध्येच, असं ठरवून लिहायला बसले होते. पण रोडिनालची धार सोडवत नाही. दोष रोडिनालचा नाही, तासभर निपचित ठेवण्याचा असावा. मग 1+50 करून, हलवत का नाही? रोल 15 चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) मधोमध कापते: अर्धा डी-76, अर्धा रोडिनाल. दोन्हीकडे तेच आभाळ हवं, म्हणजे रविवारी पुन्हा मेणवली.