टीबीच्या गोळ्या, मळमळ आणि जेवण – माझा अनुभव

मानेला गाठ आली होती, बायोप्सी केली तर गाठीचा टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसाचा नाहीये त्यामुळे घरात कुणाला लागायची भीती नाही, सहा महिन्यांचा कोर्स आहे, पूर्ण केलास की बरी होशील. ऐकून जिवात जीव आला, पण जेवणाचं इतकं वांधं होईल हे डोक्यातच नव्हतं.

पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत असतात, रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. किती गोळ्या ते वजनावर ठरतं, माझं ४५ च्या आसपास म्हणून रोज ३, सकाळी उपाशीपोटी. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, ते रिफाम्पिसिनमुळे असतं, हे केंद्रातल्या ताईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच हाय खाल्ली असती. पण गोळ्या घेतल्या की थोड्या वेळात पोटात ढवळायला सुरुवात, तोंडाला पाणी सुटायचं, आणि मग दिवसभर अन्नावरची वासनाच उडालेली. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे वास. कुकरमधल्या तुरीच्या डाळीचा, लसणाच्या फोडणीचा, अगदी दूध तापतानाचा पण. स्वयंपाक चालू झाला की मी लिंबाची साल नाकाशी धरून गॅलरीत.

सासूबाई बिचाऱ्या काळजीने भरलेलं ताट आणून ठेवायच्या, "अगं दोन घास तरी खा, औषधं उष्ण असतात", आणि ते ताट बघूनच मला कसंतरी व्हायचं. शेवटी नवऱ्याने त्यांना सांगितलं की आई तिला ताट वाढूच नकोस, वाटीत दे, आणि खरंच फरक पडला. माझं तर स्पष्ट मत झालंय, मळमळणाऱ्या माणसाला ताट वाढू नये.

पोटात काय टिकलं तर गार आणि कमी वासाचं. भाताची पेज पूर्ण गार करून मीठ घालून, दहीभात आणि बाजूला मुरलेलं लिंबाचं लोणचं, नाचणीची ताकातली आंबील. मेतकुटाला एवढा वास असून ते मात्र चाललं, का ते देव जाणे. दुपारी आलेपाकाची वडी चघळायची. अंडी खा असं सगळे सांगतात पण उकडलेल्या अंड्याचं नाव काढलं तरी नको व्हायचं, त्याऐवजी फुटाणे आणि शेंगदाण्याचा लाडू, सरकारकडून पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (आधी ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून वाढले) त्यातून दाणे-गूळच आणला.

एकदा गोळ्या घेतल्या घेतल्या उलटी झाली तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले उपाशीपोटी औषध जास्त चांगलं शोषलं जातं हे खरं, पण उलटून पडण्यापेक्षा थोडं खाऊन घेतलेलं परवडलं. तेव्हापासून आधी दोन टोस्ट. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध मात्र मनानेच गोळ्यांबरोबर घ्यायचं नाही, त्याने शोषण कमी होतं म्हणे. आणि लिव्हरची रक्ततपासणी लगेच करायला लावली, कारण या गोळ्यांनी लिव्हरला सूज येऊ शकते आणि ती पण मळमळीनेच सुरू होते. उलट्या थांबतच नसतील, डोळे पिवळे दिसले किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं तर त्याच दिवशी दाखवायचं, वाट बघत बसायचं नाही. माझा रिपोर्ट नॉर्मल आला, पण तो येईपर्यंत मी आरशात डोळेच बघत होते. एक मावशी म्हणाल्या चार दिवस गोळ्या बंद ठेव, पोटाला आराम मिळेल, त्यांना हो हो म्हटलं आणि गोळ्या चालू ठेवल्या, मधेच सोडल्या तर टीबी औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

दोन महिन्यांनी पायराझिनामाइड बंद झालं आणि मळमळ बरीच उतरली. आता फोडणीचा वास चालतो, वजनही वाढतंय, अंडं अजून नाहीच. कुणाला या कोर्समध्ये अंड्याऐवजी दुसरं काही पचलं असेल तर सांगा, दाण्याच्या लाडवाचा आता खरंच कंटाळा आलाय.