एका रोपाची मुळं दोन बाटल्यांत: मक्यावरचा माझा प्रयोग

आमचं गाव द्राक्षपट्ट्यातलं, त्यामुळे ‘जीए’ (जिबरेलिक आम्ल) आणि ‘सिक्स-बीए’ ही फवारणीच्या संजीवकांची, म्हणजे वाढ घडवणाऱ्या रसायनांची, नावं शाळेत असल्यापासून कानांवर होती. मणी फुगवायला काय मारायचं, कधी मारायचं, हे घरी रोजचंच बोलणं. पण अशीच संजीवकं झाड स्वतः तयार करतं आणि त्यांच्या आधारे मुळं नि शेंडा एकमेकांना नत्राची खबर देतात, हे एमएस्सीला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र घेतल्यावर कळलं. प्रबंधासाठी मी हाच विषय मागून घेतला.

प्रयोग ऐकायला सोपा: मक्याच्या एका रोपाची मुळं दोन बाटल्यांत विभागायची. एका बाटलीत नायट्रेट (मुळं शोषतात ते नत्राचं रूप), दुसरीत अजिबात नाही. १९७५ साली ड्रू या संशोधकांनी बार्लीवर दाखवलं होतं की मुळाच्या एका टप्प्यालाच नायट्रेट मिळालं, तर बाजूची (मोठ्या मुळातून फुटणारी) मुळं नेमकी तिथेच दाटतात. मला त्यापुढचं पाहायचं होतं. उपाशी बाजूमुळे पोटभर असलेल्या बाजूच्या वागण्यात काही फरक पडतो का?

ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे उगवले. पहिलं मूळ बोटभर झालं की त्याचं टोक ब्लेडने कापायचं, म्हणजे दाण्यापाशी फुटणारी इतर मुळं जोर धरतात. मग ती दोन भागांत अलगद सोडवायची. ओली असताना ती एकमेकांना चिकटतात; हाताने ओढली की तुटतात, पाण्यात तरंगत ठेवली की आपोआप सुटी होतात. नंतर दाणाही काढून टाकला, कारण त्यातला साठा असेपर्यंत रोपाला बाहेरच्या नत्राची गरजच भासत नाही. मुळांवर उजेड पडू नये म्हणून बाटल्यांना काळा कागद, आणि हवेसाठी मत्स्यालयाचा छोटा पंप.

द्रावणाची बाजू मात्र किचकट. मातीविना रोपं वाढवायच्या हॉगलंडच्या पोषक द्रावणात नायट्रेट येतं ते कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटमधून. ते नुसतं वगळलं तर नत्राबरोबर कॅल्शियम आणि पोटॅशियमही जातं, आणि मग दिसलेला फरक नेमका कशाचा हे सांगता येत नाही. म्हणून नायट्रेट नसलेल्या बाटलीत कॅल्शियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड घालून भरपाई केली. रोज सामू (पीएच) मोजायचे तेव्हा एक गोष्ट मला फार आवडायची: नायट्रेटच्या बाटलीचा सामू हळूहळू वर सरकायचा. मूळ नायट्रेट आत घेतं तेव्हा भोवतालचा सामू वाढतो, म्हणजे मुळांचं चाललेलं काम मीटरवर वाचता यायचं.

सगळ्यात महत्त्वाचा होता तुलनेचा गट: दोन्ही बाटल्यांत नायट्रेट असलेली रोपं. मुळं पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरली तेव्हा उत्तर डोळ्यांसमोर होतं. एकाच बाटलीत नायट्रेट असलेल्या रोपाच्या नायट्रेटकडच्या मुळांवर बाजूच्या मुळांची झालर होती, दोन्हीकडे नायट्रेट मिळालेल्या रोपापेक्षाही दाट. द्रावण तेच, तीव्रता तीच. एका बाजूची उणीव दुसरी बाजू भरून काढत होती.

ही खबर जाते कशी? नायट्रेट मिळालेलं मूळ सायटोकायनिन नावाचं संजीवक बनवतं. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांची वाढ नत्राच्या पुरवठ्याशी जोडतं. उपाशी मुळं सीईपी नावाची लहान पेप्टाइडं (प्रथिनांसारख्याच पण छोट्या साखळ्या) वर पाठवतात. पानं ती ओळखून खाली उलट निरोप देतात, आणि जिथे नायट्रेट आहे तिथली मुळं ते शोषणारी प्रथिनं वाढवतात. २०१४ साली जपानी संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात हा मार्ग उलगडला. त्याच रोपातलं एनआरटी१.१ हे प्रथिन नायट्रेटबरोबर ऑक्झिन या वाढीच्या संजीवकाचीही ने-आण करतं. नायट्रेट कमी असेल तर ते कोवळ्या मुळाच्या टोकातून ऑक्झिन काढून नेतं आणि ते मूळ वाढायचं थांबतं. नत्र नाही तिथे मुळावर खर्च नको, हा निर्णय एका प्रथिनात बसवलेला आहे. मला याहून सुंदर रचना माहीत नाही.

सायटोकायनिन मोजायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून त्याचा परिणाम पाहिला. नत्राविना वाढलेल्या मक्याचं खालचं पान टोकाकडून मध्यशिरेच्या बाजूने पिवळं पडत येतं. अशा पिवळेपणाकडे झुकलेल्या पानाचे तुकडे अंधारात ठेवले. काही साध्या पाण्यावर, काही सिक्स-बीए या कृत्रिम सायटोकायनिनच्या सौम्य द्रावणावर. पाण्यावरचे फिके पडले, दुसरे बराच काळ हिरवे राहिले. पण फवारून पान हिरवं ठेवता आलं म्हणून झाडाला नत्र मिळालं असं होत नाही. संजीवक निरोप देतं, खत देत नाही. बाटलीवर ‘हिरवेगारपणा’ लिहून विकल्या जाणाऱ्या औषधांबद्दल घरी विचारतात, तेव्हा मी हेच सांगते, आणि आधी माती तपासून घ्या म्हणते.

कुणाला हा प्रयोग करायचा असेल तर तुलनेचा गट वगळू नका, आणि द्रावण दर दोन-तीन दिवसांनी बदला. नाहीतर भरल्या बाटलीतलं नायट्रेटही संपतं आणि दोन्ही बाजू उपाशी राहतात.