गंगापूर धरणात बंद पडलेली बोट आणि मामांचा ओला पंचा

नाशिकला चार दिवस होतो पण लिहायला बसलोय ते एका पाऊण तासासाठी. बाकीचं एका दमात सांगून टाकतो. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा एका सकाळी उरकलं, त्र्यंबकेश्वरला साडेतीन तास रांगेत गेले आणि तिथे लहान पोरांना सावलीत बसवायची धड सोय नाही याचा मला मनापासून राग आला, 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू असल्याने रस्ते खोदलेले, काळ्या मसाल्याची मिसळ दोनदा खाल्ली, दोन्ही वेळा पापड जास्तीचा मागितला. झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. मे महिना, पाणी बरंच खाली गेलेलं, काठाची माती भेगाळलेली, गाडी लावून अर्धा फर्लांग त्या भेगांवरून चालत जावं लागलं. मामा सोबत होते. मामा सातपूरला राहतात, सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला गेली, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी कुठलं मशीन बंद पडलेलं दिसलं की पाय तिकडेच वळतात. त्यांच्या ओळखीतल्या एकाची फायबरची बोट होती, मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन, टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवालं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारी वाटी असलेलं. चालवणारा पोरगा असेल पंचविशीचा. आम्ही पाच जण आणि दुसरं एक चार जणांचं कुटुंब, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं त्याने, एका काकांनी नको म्हटलं तर त्यांना उतरा म्हणाला. मला तिथेच पोरगा आवडला होता.

अर्धा तास मस्त फिरलो, ब्रह्मगिरीच्या बाजूचे डोंगर धुरकट दिसत होते, वारा तोंडावर. मग पलीकडच्या काठाला बोट लावून थर्मासमधला चहा प्यायलो, वीसेक मिनिटं गेली असतील. परत निघालो, इंजिन पहिल्याच ओढीत चालू झालं, आणि मिनिटभरात आचके द्यायला लागलं, एकदा ओरडलं, परत दबलं, आणि पाण्याच्या मध्यावर गप्प झालं.

पोराने दोरी ओढली, परत ओढली, वीस-पंचवीस वेळा तरी ओढली असेल. ऊन डोक्यावर, बोट हळूहळू आडवी फिरायला लागली. आणि मग जे सुरू झालं त्याच्यामुळेच मी हे लिहितोय. पैसे घेता मग इंजिन नीट ठेवता येत नाही का, आमची बस आहे, लहान मुलं आहेत, मालकाला फोन लाव. जॅकेट नको म्हणणारे काका सगळ्यात जोरात. आणि खरं सांगतो, पहिला मी बोललो होतो. इंजिन किती जुनं आहे रे, असं विचारलं होतं मी, आणि ते ज्या आवाजात विचारलं तो आवाज मला अजून ऐकू येतो. पोरगा काही बोलला नाही. दोरीने त्याच्या तळहाताला लाल वळ उठला होता, तो त्याने पॅंटला पुसल्यासारखा केला आणि परत दोरी धरली.

मामा तोवर नुसतं बघत होते. मग म्हणाले, थांब बाळा, दोरी सोड आधी. आणि आधी त्या काकांना सिगारेट विझवायला लावली, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, बोटीच्या तळाला साचून राहते, कव्हर उघडायच्या आधी आगीचं काहीच जवळ नको.

मामांनी पोराला पहिलं विचारलं की इंजिन कसं बंद झालं, झटक्यात का आचके देत? त्यांचं म्हणणं, स्पार्क गेला तर इंजिन बटण दाबल्यासारखं एकदम बंद होतं, पेट्रोल कमी पडलं तर धापा टाकत मरतं. हे धापा टाकणं आमच्या सगळ्यांसमोर झालं होतं, आम्ही ओरडण्यात होतो म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग टाकीच्या झाकणावरचा व्हेंटचा स्क्रू बघितला, तो उघडा होता. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढलं जाईल तशी ओढ वाढत जाते आणि पाइपातला रबरी बल्ब, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा फुगा, चपटा होतो. इथे बल्ब चपटा नव्हता पण दाबून दाबून कडकही होत नव्हता, पिलपिलीत लागत होता. म्हणजे लाइनीत पेट्रोलऐवजी दुसरंच काहीतरी आहे, मामा म्हणाले, एकतर हवा नाहीतर वाफ.

इंजिनचं कव्हर काढलं. मामांनी फ्युएल पंपाला, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनात ओढणाऱ्या पंपाला, बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग मला म्हणाले तू लाव, मी लावलं, तव्याला लागावं तसं लागलं. काळा रबरी पाइप बोटीच्या तळावर उन्हात पडलेला होता, तोही तापलेला, लाल टाकी पुढे भर उन्हात.

मामांनी खांद्यावरचा पंचा धरणाच्या पाण्यात बुडवला आणि पिळून पंपावर गुंडाळला. वायरिंगला पाणी लागणार नाही याची काळजी घेत. वाफेचा अगदी बारीक आवाज आला, चुर्र. मग पाइपावर ओंजळीने पाणी, टाकीवर माझा ओला टॉवेल. दोन-दोन मिनिटांनी पंचा परत बुडवायचा. आम्ही नऊ जण गप्प बसून एका पंच्याकडे बघत होतो.

तेवढ्या वेळात त्यांनी पोराला समजावलं, आणि इतकं सोपं मी कधी ऐकलं नव्हतं. इंजिन चालू असताना धरणाचं पाणी आतून फिरतं, ते गार राहतं. आपण चहाला थांबलो, इंजिन बंद, पाणीही बंद, पण लोखंडातली धग कुठे जाणार, ती कव्हरखाली कोंडली आणि पंपात चढली. म्हणजे चालवण्यापेक्षा थांबल्यावर पंप जास्त तापतो. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरलेलं होतं त्याच्यावर मिनिटभर चाललो, वाटी संपली आणि मागून यायची ती वाफ. पंपाचा पडदा पातळ पेट्रोल ढकलायला केलाय, वाफ दाबली की नुसती आकसते, सोडली की फुगते, पुढे सरकत नाही. वर पंप टाकीतून ओढून घेतो, ओढलं की लाइनीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. कुकरच्या बरोबर उलटं, मामा म्हणाले. नाशिक समुद्रापासून सहाशेक मीटर उंच, इथे हवेचा दाबही जरा कमीच, त्यात मे महिन्याचं ऊन. यालाच व्हेपर लॉक म्हणतात आणि यात इंजिनचा काही दोष नसतो. हे शेवटचं वाक्य ते पोराकडे नाही, आमच्याकडे बघून बोलले.

दहा-बारा मिनिटांनी पंप हाताला सोसेल इतका झाला. मामांनी बल्ब उभा धरला, इंजिनकडचं तोंड वर, आणि पोराला दाबायला लावलं. हळूहळू बल्ब भरत गेला, घट्ट झाला. बल्बने पेट्रोल मागून ढकललं जातं, दाब वाढतो, उरलेली वाफ विरते, म्हणून घट्ट होईपर्यंत सोडायचा नाही. चोक, म्हणजे गार इंजिनसाठी हवा कमी करायची ती खिटी, नको, इंजिन गरम आहे. तिसऱ्या ओढीला चालू झालं. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, सगळे खाली मान घालून बसले होते.

काठाला आल्यावर मामा थांबलेच. नुसत्या उन्हाने इतकं होत नाही, अजून काहीतरी आहे म्हणाले. टाकीच्या टोकाचा कनेक्टर काढला, आतली ओ-रिंग, म्हणजे सांधा हवाबंद ठेवणारी रबरी कडी, चिरलेली. शहाळ्याच्या स्ट्रॉला चीर गेली की कितीही ओढा तोंडात हवाच येते, तसंच हे, आणि गंमत म्हणजे अशा चिरीतून बाहेर पेट्रोल गळतंच असं नाही, कारण पाइप ओढीखाली असतो, हवा आत जाते, म्हणून कुणाला दिसत नाही. पाइपही टोकाला कडक होऊन भेगाळलेला, जुन्या रबराला हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल सोसत नाही. मालकाला सांगितलं होतं का, मी विचारलं. दोनदा सांगितलंय, पोरगा म्हणाला. बस एवढंच. मला त्या मालकाचा राग आला तो अजून गेलेला नाही, आणि आम्ही शिव्या कुणाला दिल्या तर याला.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या ना भाऊ, रोजचंच हाये. रोजचंच हाये हे मला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं ठरलं होतं, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, बायको महिनाभर त्याच्याबद्दल बोलत होती. ते राहिलं. मामा सकाळी आठलाच शहरातून पेट्रोलला चालणारा नवा पाइप, दोन क्लिपा, ओ-रिंग आणि हातभर पारदर्शक नळी घेऊन आले होते. बायको म्हणाली चला धरणावरच, पक्षी थंडीत जास्त असतात. पारदर्शक नळी कशाला तर ती थोडा वेळ लाइनीत जोडून इंजिन चालवायचं आणि आतून बुडबुडे जातात का बघायचं. जुनी ओ-रिंग असताना मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे जात होते, आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून बघितले. नवी बसवली, नळीत नुसतं पेट्रोल, एकसंध. मग ती नळी काढून टाकली कारण ती कायमची ठेवायची नसते, पेट्रोलने आणि उन्हाने ती ठिसूळ होते.

पोराने टाकी बाकाखाली सावलीत सरकवली होती, वर भिजवलेलं गोणपाट. पाइपही बाकाच्या कडेने बांधून घेतलेला. इंजिन वीस मिनिटं पळवलं, मुद्दाम बंद केलं, कव्हर काढून ठेवलं, पाव तास थांबलो. मग त्याने बल्ब दाबला आणि मामांच्या हातात दिला, बघा बाबा. मामांनी दाबून बघितला आणि माझ्याकडे दिला. कच्च्या लिंबासारखा कडक लागत होता.